ब्रह्मगिरीची वाट



मी एस.टी.त वाहक होतो. एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली चौदा वर्षं नाशिक–त्र्यंबक गाडीवर गेली. अंतर तीसेक किलोमीटर, दिवसाला तीन-चार फेऱ्या. अंजनेरी मागं पडली की समोर ब्रह्मगिरी उभा राहायचा. उन्हाळ्यात काळाभोर, रखरखीत. पावसाळ्यात त्याच्या कड्यावरून पांढऱ्या धारा लोंबायच्या आणि गाडीतली पोरं खिडकीकडं झेपावायची. स्टँडवर गाडी लागली की मी उतरून चहा घ्यायचो, एकदा डोंगराकडं पाहायचो, एकदा घड्याळाकडं पाहायचो, आणि डबल बेल मारून पुन्हा नाशिक. किती हजार लोकांना मी या डोंगरापाशी आणून सोडलं असेल, त्याचा हिशेब नाही. स्वतः मात्र एकदाही वर गेलो नव्हतो.

खरं तर मला वर न्यायचं दादानं कबूल केलं होतं. आमचे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा आणि दादा सतराचा. पुढच्या श्रावणात, तिसऱ्या सोमवारी, तो मला ब्रह्मगिरीच्या फेरीला घेऊन आला. ज्यांनी ती फेरी केली आहे त्यांना सांगायला नको. रात्री कुशावर्तात अंघोळ करून निघायचं, अनवाणी, चिखलातून, डोंगराला उजवी घालून वीसेक किलोमीटर. अर्ध्या वाटेवर माझे पाय सोलपटले. दादानं मला खांद्यावर घेतलं. त्याच्या ओल्या केसांना धरून मी बसलो होतो. वर अंधारात डोंगर नुसता जाणवत होता. मी विचारलं, "दादा, वर काय आहे रे?" तो म्हणाला, "वर गंगा उगवती. तू मोठा झालास की नेतो तुला वर."

मी मोठा झालो आणि तो न्यायचा राहून गेला. आधी त्याची शेती, मग माझी नोकरी, मग दोघांची पोरंबाळं. आणि नंतर विहीर.

विहिरीचं सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. सिन्नर तालुक्यात पाणी म्हणजे काय असतं हे तिकडच्या माणसाला विचारा. वडिलोपार्जित विहीर एक, आम्ही भाऊ दोन. वाटणी झाली तेव्हा मोटारीची पाळी ठरली, चार दिवस त्याची, चार दिवस माझी. मी नोकरीवर असायचो, माझी पाळी दादाच सांभाळायचा. निवृत्त होऊन मी शेतात उभा राहिलो आणि माझ्या मनात आलं की इतकी वर्षं माझं पाणी किती मुरलं असेल कुणाच्या वावरात. एका उन्हाळ्यात मी ते बोलून दाखवलं, चार माणसांत. दादा काही बोलला नाही. त्यानं मोटारीची किल्ली माझ्या हातात दिली आणि निघून गेला. त्याला आता नऊ वर्षं झाली.

बोलणं बंद. जाणं-येणं बंद. वडिलांचं श्राद्ध भाद्रपद वद्य पंचमीला असतं. ते त्यानं घरी करायचं आणि मी त्र्यंबकला येऊन कुशावर्तावर तर्पण करायचं, असं सुरू झालं. एका बापाला एकाच दिवशी दोन गावांत बोलावणारी आम्ही पोरं. आणि माऊली, आम्ही दोघंही माळकरी. माळ मला दादानंच घालायला लावली. मी अठराचा होतो, संगत बिघडली होती, त्यानं एक शब्द न रागावता मला निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर चालायला नेलं. त्र्यंबक ते पंढरपूर, नाशिक, सिन्नर, नगर, करमाळा करत पंचवीस-सव्वीस दिवस. कुठं पाणी चांगलं, कुठं सावली, कुठल्या गावात पिठलं-भाकरी कोण वाढतं, पायाला फोड आला तर सुई-दोरा कसा ओवायचा, सगळं त्यानं शिकवलं. वारीत समोर येईल त्याच्या पाया पडायचं, तो आपल्या पडतो. भांडणानंतर मी दिंडी बदलली. तो पुढच्या दिंडीत, मी मागच्या. नऊ वारीत मी हजारो पायांवर डोकं ठेवलं आणि दोन पाय चुकवत राहिलो. कुणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या यायचं.

गेल्या भाद्रपदात मी आदल्या दिवशी त्र्यंबकला आलो, धर्मशाळेत उतरलो. तर्पण दुपारी करायचं होतं, सकाळ मोकळी होती. रात्री ओसरीवर बसलो असताना ढग फाटले आणि डोंगराची कड दिसली. मनात आलं, नेणारा काही आता नेत नाही. आपण आपले जाऊ. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. नातवानं मोबाईलमध्ये नकाशा घालून दिलेला होताच. खोलीतला शेजारी म्हणाला, "बाबा, एकटे नका जाऊ, पायऱ्या शेवाळलेल्या असतात." मी म्हणालो, "मला कुणी लागत नाही." त्या वाक्याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता, हे लिहून ठेवतो.

पहाटे पावणेपाचला निघालो. हातात विजेरी, पिशवीत पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे. वद्य पंचमीचा चंद्र पश्चिमेला होता, ढगाआड जात-येत होता. गावातली कुत्री थोडी पोचवायला आली आणि शेवटच्या घरापाशी थांबली. डोंगराच्या पायथ्याशी एक वाट गंगाद्वाराकडं जाते, एक वर ब्रह्मगिरीला. गंगाद्वाराला बांधलेल्या पायऱ्या आहेत, सात-साडेसातशे सांगतात. त्या अंगाला नाथपंथीयांच्या गुहा आहेत. मी वरची वाट धरली.

सुरुवातीची चढण झाडीतली. रात्रीचा पाऊस पानांतून टपटपत होता. विजेरीच्या उजेडात तेवढी एक पायरी दिसायची, फार तर दोन. गुडघे पहिल्या शंभर पायऱ्यांत कुरकुरले, मग गप्प बसले. एकतीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहून त्यांना सवय आहे. मी हरिपाठ म्हणायला लागलो, पण दमानं शब्द तुटायला लागले तेव्हा नुसतं नाम धरलं. एका पायरीला राम, एका पायरीला कृष्ण, एका पायरीला हरी. वारीत चालताना आपल्याला दम लागत नाही, कारण टाळ-मृदंग दम खातात. एकट्याला कळतं आपला श्वास किती तोकडा आहे.

अर्ध्यावर एक जुनी दगडी धर्मशाळा लागते. तिथं बसलो. खाली त्र्यंबकचे दिवे, त्यात मंदिराच्या बाजूचा उजेड थोडा पिवळट. काकड्याची वेळ झाली असेल असं वाटलं. निवृत्तिनाथांचं समाधिमंदिर कुठल्या अंगाला हे मी नजरेनं शोधत होतो. पौष वद्य एकादशीला तिथं पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा जादा गाड्यांवर मी दोन-दोन दिवस झोपलेलो नाही. आता सगळं निवांत.

इथून पुढं डोंगराचं रूप बदलतं. कड्याच्या पोटातून पायऱ्या जातात. काही बांधलेल्या, काही अखंड कातळात कोरून काढलेल्या. ब्रह्मगिरी म्हणजेच त्र्यंबकगड, हा किल्ला आहे हे आपण तीर्थाच्या नादात विसरतो. 1818 साली तो इंग्रजांकडं गेला. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती, मधून उंच उंच पायऱ्या, त्यावरून रात्रीचं पाणी खळखळ उतरत होतं. मी एका हातानं भिंत धरून चढत होतो. भिंतीला जागोजागी हात बसेल अशी गुळगुळीत जागा होती. किती पिढ्यांचे तळहात तिथं टेकले असतील, तेव्हा दगड असा होतो. पायरीचंही तेच. मधोमध झिजलेली, वाटीसारखी. पाऊल आपोआप तिथंच पडतं. आपण आपले चाललो आहोत असं मी म्हणत होतो खरा.

माकडांनी एका वळणावर गाठलं. अजून नीट उजाडलेलंही नव्हतं. कातळावर सहा-सात जण बसलेले, भाडं न देणाऱ्या प्रवाशांसारखे निर्विकार. एकानं उठून माझी पिशवी अशा सहजतेनं ओढली की जणू त्याचीच होती. गूळ-शेंगदाणे गेले. बाटली राहिली. मी हातातली विजेरी उगारली, तर ती सुटून खाली गेली आणि दोन पायऱ्या खाली विझली. तिला शोधायच्या फंदात मी पडलो नाही. उजेड येतच होता.

सहाच्या सुमारास माथ्यावर पोचलो. पठार एकदम उघडं होतं. वारा इतका की टोपी काढून खिशात ठेवली. पूर्वेला आभाळ लाल झालेलं, त्यात अंजनेरीचं पठार काळ्या पाटासारखं आडवं पडलेलं. तिथं मारुतीचा जन्म झाला म्हणतात. पायाखाली तेरडा आणि सोनकी नुसती पसरली होती, गुलाबी आणि पिवळी, ओली. मग सूर्य वर आला. पंढरपुरात पहिल्यांदा कळस दिसतो तेव्हा जसं होतं तसं काहीतरी झालं आणि मी हात जोडले. आणि माऊली, खोटं कशाला सांगू, मान वळवून मी शेजारी पाहिलं. चांगलं काही दिसलं की शेजारच्याला "ते बघ" म्हणायची सवय असते माणसाला. शेजारी कुणी नव्हतं.

आता गंगेच्या उगमाचं देऊळ गाठायचं होतं. ते पठाराच्या पलीकडच्या अंगाला आहे. मी मोबाईल काढला. तेवढ्यात पश्चिमेकडून, वैतरणेच्या खोऱ्यातून, ढग वर चढला. डोंगराला धडकून तो कड्यावरून उलटा पठारावर सांडला. दहा पावलांवरचं दिसेना. सूर्य होता कुठं तेही कळेना. मोबाईलच्या ओल्या काचेवर बोट चालेना. निळा ठिपका दिसत होता, म्हणजे मी ब्रह्मगिरीवर आहे एवढं त्याला माहीत होतं. ते मलाही माहीत होतं. कडा कुठं आहे ते त्याला माहीत नव्हतं.

तरी मी चालत राहिलो. थांबलो असतो तर बरं, पण "मला कुणी लागत नाही" म्हणून निघालेला माणूस थांबत नाही. गवतात एक पायवाट होती, तीच धरली. ती गुरांची होती हे नंतर कळलं. बराच वेळ ती सपाट गेली, मग उताराला लागली. मला वाटलं, देऊळ जवळ आलं. एका दगडाला पाय लागला, तो घरंगळत पुढं गेला. मी त्याचा आवाज ऐकत होतो. खडखड, खडखड, आणि मग काहीच नाही. कुठं पडल्याचा आवाज आला नाही.

मी जिथं होतो तिथं खाली बसलो. पाय थरथरत होते. पुढं जायची हिंमत नाही आणि मागची वाट ढगात. त्या ओल्या गवतात बसून मला निवृत्तिनाथ आठवले. आठवले म्हणजे, कीर्तनात शेकडो वेळा ऐकलेली ती गोष्ट पहिल्यांदा कानात शिरली.

परंपरेनं सांगतात ते असं, की विठ्ठलपंत आणि रुक्मिणीमाता मुलांना घेऊन याच डोंगराची फेरी करत होते. वाटेत वाघ आला. सगळे सैरावैरा झाले. पुन्हा एकत्र जमले तेव्हा थोरला निवृत्ती नव्हता. तो चुकला होता, आणि चुकत चुकत एका गुहेत शिरला, तिथं गहिनीनाथ बसलेले. त्यांनी त्याला अनुग्रह दिला. काही दिवसांनी पोर परत आलं ते गुरूकडचं घेऊन आलं. आणि ते त्यानं आपल्या धाकट्या भावाला दिलं.

मी एवढी वर्षं ही गोष्ट गुरूची म्हणून ऐकत होतो. त्या दिवशी ती मला भावांची वाटली. आपल्या संप्रदायाचा सगळा डोलारा एका थोरल्या भावानं धाकट्याला सांगितलेल्या गोष्टीवर उभा आहे. ज्ञानोबारायांना आपण माऊली म्हणतो, पण माऊलींनी ज्ञानेश्वरीत जिथं तिथं कुणाचं नाव काढलंय? दादाचं. ग्रंथाच्या शेवटी आदिनाथांपासूनची परंपरा सांगताना मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि मग आपला निवृत्ती. एवढा ग्रंथ सांगून झाला आणि हा धाकटा म्हणतो, हे माझं नाही, दादाचं आहे. आणि मी? चार दिवसांच्या मोटारीच्या पाळीवरून चार माणसांत दादाला चोर ठरवून आलो होतो. ज्याच्या जीवावर माझं पाणी बावीस वर्षं चाललं होतं, त्याला.

किती वेळ बसलो कुणास ठाऊक. ढगातून शेळीचा आवाज आला. मग घंटेचा. मी ओरडलो, "माऊली! कुणी आहे का?"

"कोण हाय? कुठशी हाय?" बाईचा आवाज.

"इथं बसलोय. वाट चुकलो."

"हलू नका बाबा. तिकडं कडा हाय. बोलत ऱ्हावा, म्या येती."

मी बोलत राहिलो. काय बोलावं कळेना म्हणून मोठ्यानं रामकृष्णहरी म्हणत राहिलो. ढगातून एक पन्नाशीची बाई आली, डोक्यावर प्लास्टिकचं पोतं खोळीसारखं घेतलेलं, हातात काठी, मागं सात-आठ शेळ्या. तिनं काठीचं टोक माझ्याकडं केलं. मी ते धरून उठलो. ती मला उलट दिशेनं घेऊन चालली. पन्नास पावलं गेल्यावर मागं वळून म्हणाली, "या वाटंनी गुरंबी येत न्हाईत आता. गेल्या साली एक गेली खाली."

ती मेटावरची होती. ब्रह्मगिरीच्या खांद्यावर मेटघर किल्ला नावाचं गाव आहे, सुट्या सुट्या वाड्यांचं. गडाच्या पहाऱ्याच्या चौक्यांना मेट म्हणायचे, त्यांच्यावरून हे नाव पडलं. मी चौदा वर्षं त्या गावाच्या खाली गाडी उलटवत होतो आणि मला त्याचं नाव पाठ होतं, पण तिथल्या माणसाशी मी सुट्ट्या पैशांपलीकडं बोललो नव्हतो.

वाटेत मी तिला विचारलं, "गंगेच्या उशाशी राहता तुम्ही. भाग्यवान आहात."

ती हसली. "पावसाळ्यात हाये गंगा. चैत-वैशाखात या बाबा. हिरीत उतरून वाटीनं पानी भरतो आमी. हंडा भराय उजाडतं."

मी काही बोललो नाही. या उन्हाळ्यांच्या बातम्या मी पेपरात वाचल्या होत्या, पेपर घडी करून ठेवला होता. चौदाशे पासष्ट किलोमीटर वाहणारी नदी, आंध्रापर्यंत जाऊन समुद्राला मिळणारी, तिच्या उगमाखालच्या बायका विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरतात. आणि भरून झालं की, ती सांगत होती, जिचा हंडा भरला ती दुसरीचा धरून वर ओढते. "पाळी लावावी लागती ना बाबा. पर म्हातारीकोतारी आसंल तिला आदी."

पाळी हा शब्द तिनं वापरला. मी नाही.

तिनं मला देवळापर्यंत आणून सोडलं. ढग विरळ झाला होता. उगमाचं देऊळ लहानसं आहे, कुणी मोठं मंदिर समजून येईल तर त्याची निराशा होईल. एक कुंड, त्यात पाणी, आणि ते पाणी कुठून येतं ते नीट दिसतही नाही. गौतम ऋषींनी गोहत्येचं पातक धुवायला तप करून गंगा इथं आणली. ती थांबेना, इथं दिसे, तिथं गुप्त होई, म्हणून खाली कुशावर्तात कुशानं अडवली, अशी कथा. थोडं पुढं जटामंदिर, तिथं शंकरानं जटा आपटल्या म्हणून सांगतात. सगळं पाहिलं, नमस्कार केला. पण मन तिथं रमलं नाही, ते त्या बाईच्या वाटीत अडकलं होतं. बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं आणि कुंडातलं भरून घेतलं.

बाईला मी पन्नासाची नोट दिली. तिनं घेतली, उगाच नाही म्हणाली नाही, ते मला आवडलं. मग तिनं पश्चिमेकडं काठी केली. "ती बघा वैतरणा." ढग फाटला होता आणि खाली धरणाचं पाणी पत्र्यासारखं चकाकत होतं. पलीकडं हरिहरचं टोक. वैतरणाही या डोंगरांतलीच. ती पश्चिमेला जाते, तिचं पाणी मुंबई पिते. गोदावरी पूर्वेला. एका डोंगराच्या दोन लेकी, एकमेकींकडं पाठ करून निघाल्या त्या दोन समुद्रांना. मी त्या पाण्याकडं बराच वेळ पाहत उभा होतो. बाई म्हणाली, "उतरा आता, पुन्हा ढग यील." आणि शेळ्यांमागं गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

उतरणीचं काय सांगू. गुडघ्यांनी चढणीचं सगळं उट्टं काढलं. कातळातल्या पायऱ्यांवर मी लहान पोरासारखा बसून बसून उतरलो. विजेरी सापडली, काच फुटलेली. खालून वर येणारी तरुण पोरं भेटली, त्यांना म्हणालो, "वरती ढग आला तर बसून राहा, चालू नका." त्यांनी मान डोलावली. मीही त्या वयात अशीच डोलावली असती.

खाली आलो तेव्हा साडेनऊ वाजत होते. ठरल्याप्रमाणे कुशावर्तावर जाऊन भटजींना गाठायचं होतं. त्याआधी निवृत्तिनाथांच्या समाधीला गेलो. गर्दी नव्हती. समाधीवर डोकं ठेवलं आणि ते ठेवल्यावर वर उचलवेना. मागचा माणूस ताटकळला. पुजारी म्हणाले, "बाबा, चला पुढं." मी उठलो आणि कुशावर्ताकडं वळायच्या ऐवजी स्टँडकडं वळलो. नाशिकची गाडी लागलेली होती. वाहक ओळखीचा निघाला, म्हणाला, "एवढ्या लवकर? श्राद्ध झालं?" मी म्हणालो, "घरी आहे."

नाशिकला गाडी बदलली, सिन्नरला बदलली. वाटेत दोनदा वाटलं उतरावं. गावच्या फाट्यावर उतरलो तेव्हा एक वाजायला आला होता. दादाच्या घरापर्यंत चालत पाच मिनिटं लागतात, मला नऊ वर्षं लागली होती. अंगणात वहिनी पत्रावळी पुसत होती. तिनं मला पाहिलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि काही न विचारता म्हणाली, "भाऊजी, पाय धुऊन घ्या. पान वाढतेच आहे."

दादा ओसरीवर खांबाला टेकून बसला होता. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण मला त्याचे पाय आधी दिसले. भेगा पडलेले, वारीचे, वावराचे. मी पिशवीतून बाटली काढून त्याच्यापुढं ठेवली आणि त्या पायांवर डोकं ठेवलं. त्यानं पाय आखडून घेतले नाहीत. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मोटारीची किल्ली माझ्या खिशात होती. ती काढावी की नाही ते कळेना, आणि त्या दिवशी ती काढली नाही. विहिरीचं आमचं अजूनही पुरतं ठरलेलं नाही. दोघांची पोरं आता त्यात आहेत.

दादानं बाटली उचलली, उजेडात धरली, हलवून पाहिली.

"वरची आहे?"

"वरची."

"एकटा गेला होतास?"

"हो."

तो माझ्या हातांकडं पाहत होता. कातळ धरून धरून दोन्ही तळवे खरचटले होते.

"काठी नेली होतीस का? माकडं लई आहेत तिथं."

"नव्हती नेली."

"तेच म्हणतो मी," दादा म्हणाला, आणि माझ्या खांद्याला धरून उठला, हात धुवायला.